गडगडाट ऐकू आला की खटका खाली

ज्या कोणी आमच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दूध ओतलं, त्याने सगळ्या वाचनालयाच्या शिस्तीवर पाणी फिरवलं, असं मी त्या दिवशी ओरडून म्हणालो होतो. माणूस कोण ते मला माहीत आहे. नाव घेणार नाही. तेव्हा घ्यायचं धैर्य नव्हतं, आता इच्छा नाही.

नंदुरबारच्या आमच्या वाचनालयात रेडिओ आला आणि किस्से साचायला लागले. मिरची वाळवायच्या पथारीवर मिरच्या साचतात तसे. एक उचलायला जावं तर हाताला दहा लागतात, आणि प्रत्येकाचा थोडा थोडा ठसका बसतोच. बातम्या, भाषणं, कोणत्या सैन्याने कोणतं शहर घेतलं, यातलं आता काही आठवत नाही. किस्से तेवढे आठवतात.

आधी रेडिओबद्दल दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. आमच्या गल्लीत वीज नव्हती. सेट बॅटरीवर चालायचा. छपरावरच्या बांबूपासून मागच्या कडुनिंबापर्यंत एक तार ताणलेली होती, तोच एरिअल. ती तार खिडकीतून आत यायची आणि खिडकीच्या चौकटीवर तिला एक पितळी खटका होता. खटका वर केला की तार रेडिओला जोडली जायची. खाली पाडला की ती खिडकीबाहेरच्या खड्ड्याला जोडली जायची. त्या खड्ड्यात तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ, आणि तार खाली नेणारी एक नळी. आकाशात वीज कडाडली आणि तिचा लोंढा तारेत शिरला, तर त्याने रेडिओत न घुसता जमिनीत जावं, एवढीच योजना. हे सगळं मी केलं होतं. पुण्याहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलो होतो आणि जग पुढच्या आठवड्यात सुधारायचं होतं.

*

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी पाच-सहा मंडळी जमली होती. लांब कुठेतरी गडगडलं. कोरीटचे भिलाआप्पा पाटील म्हणाले, "भाऊ, ते खाली पाडानं शे ना?"

मी म्हणालो, "घाई काय आहे, आप्पा? आधी शास्त्र समजून घ्या."

मग मी घड्याळ हातात घेऊन सर्वांना समजावून सांगायला लागलो. प्रकाश आधी दिसतो, आवाज मागून येतो. मधले सेकंद मोजायचे, पाचाने भागायचं. वीज किती मैलांवर आहे ते बरोबर कळतं.

चमकलं. मी मोजलं. "तीन मैल."

पुन्हा चमकलं. "आता दीड मैल. पाहा, किती सोपं आहे."

पुढचा आकडा सांगायला रेडिओ उरला नाही.

*

सेट दुरुस्तीला मुंबईला गेला तो आठ महिन्यांनी परत आला. सोबत चिठ्ठी होती: लढाईमुळे सुटे भाग मिळत नाहीत, हे होते ते शेवटचे, पुन्हा जळाला तर पाठवू नये.

म्हणजे यापुढे एक चूक झाली की नंदुरबारच्या आमच्या कोपऱ्यातून जग कायमचं उठून जाणार. मी पाटी रंगवली: "गडगडाट ऐकू आला की खटका खाली." पण पाडणार कोण? मी नको, यावर सभेत पहिल्यांदाच एकमत झालं.

"मी बसतो खिडकीजवळ," गणपत गुरुजी म्हणाले. "मला तसाही रेडिओ ऐकायचा नसतो."

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, पेटी वाजवण्यात सगळ्या तालुक्यात नाव. रेडिओ ऐकायचा नसतो म्हणणारा हा माणूस रोज संध्याकाळी सर्वांच्या आधी का येतो, हे कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मला माणसांपेक्षा तारा लवकर समजायच्या.

*

अर्थिंगची माती ओली राहिली पाहिजे, नाहीतर तिचा उपयोग नाही. तेव्हा रोज एक तांब्याभर पाणी खड्ड्यात. हेही काम गुरुजींनी घेतलं. घरून स्वतःचा तांब्या घेऊन यायचे, माठातलं पाणी घ्यायचे, खिडकीतून हात बाहेर काढून बारीक धार धरायचे. तुळशीला घालावं तसं.

माठ भरायचं काम कौतिकबाईचं. वाचनालय झाडायचं, दोन गल्ल्या पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायचं. चैत्रात विहिरीचा तळ दिसायला लागला तेव्हा भिलाआप्पा म्हणाले, "मानसले प्यायले पानी नही आनि तुम्ही भुईले पाजी ऱ्हायनात."

कौतिकबाई म्हणाली, "पाजू द्या, आप्पा. ती पेई तवय रेडू बोली."

मला वाटलं, चला, एका माणसाला तरी शास्त्र कळलं. दोन दिवसांनी पाहतो तर खड्ड्यातून वर आलेल्या नळीला हळद-कुंकू लावलेलं. मी चिडलो. पुण्याला चार वर्षं काढून मी हे पाहायला परत आलो होतो का? कौतिकबाईला बोलावलं, लोंढा म्हणजे काय, जमीन म्हणजे काय, सगळं सांगितलं. तिने पदर खोचत शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तुम्ही रोज त्याले पानी टाकतस," ती म्हणाली. "मीठ टाकतस. मंग मी जरासं कुकू टाकं ते काय बिघडनं?"



*

आमच्या बॅटऱ्या भरून मिळायच्या त्या दगडूअण्णांकडे. अण्णा जिनिंगमध्ये इंजिनवर होते. कापसातली सरकी काढणारे चरक चालवणारं तेलाचं मोठं इंजिन, त्याच पट्ट्यावर एक डायनामो. त्या डायनामोवर जिनिंगचे दिवे लागत आणि जिनिंगच्या शेठच्या बंगल्यात एक विजेवरचा मोठा रेडिओ चाले. बॅटरी नाही, खटका नाही, लाकूड आरशासारखं चकचकीत.

शेठनी एकदा संध्याकाळी पाहुणे बोलावले. बातम्या ऐकवायच्या होत्या. अण्णांनी सकाळीच जाऊन विचारलं, "शेठ, भोंगा अगोदर का बातम्या अगोदर?"

शेठना वाटलं, इंजिनवाल्याला काय करायच्या आहेत बातम्या. म्हणाले, "तू तुझं इंजिन सांभाळ."

अण्णांनी सांभाळलं. सहाला भोंगा झाला. चाळीस चरक एका दमात थांबले. ओझं उतरलेला बैल उधळतो तसं इंजिन उधळलं, डायनामो उधळला, बंगल्यातले दिवे पांढरेफटक झाले आणि रेडिओने एकच मोठा श्वास घेतला. तो शेवटचाच.

नवा सेट आला तेव्हा शेठनी स्वतः अण्णांना बोलावून उपाय विचारला. उपाय सोपा होता. रेडिओ चालू असेपर्यंत सगळे चरक थांबवायचे नाहीत, पाच-सहा चालू ठेवायचे आणि एकेक करून सोडायचे. म्हणजे शेठच्या बातम्या संपेपर्यंत पाच-सहा बायका चरकावर उभ्या.

त्यातली एक बाजारात भेटली. मी विचारलं, आज उशीर? ती म्हणाली, "काय करसूत, भाऊ? शेठना रेडिओ आम्हीच वढी ऱ्हायनूत."

त्या आठवड्यात मी समतेवर भाषण दिलं. ते कोणाला आठवत नाही. तिचं वाक्य सगळ्या जिनिंगला पाठ आहे.

*

आमच्या सेटमध्ये आणखी एक राखणदार होता. विजेरीच्या दिव्याएवढा बारका दिवा, बॅटरीच्या वाटेत बसवलेला. जोडणी चुकली की तो आधी जळायचा आणि व्हॉल्व्ह वाचायचे. आमच्याकडे जोडणी वारंवार चुकायची, त्यामुळे दिवेही वारंवार जळायचे.

एके दिवशी येतो तर दिव्याच्या जागी लोखंडी खिळा. भिलाआप्पा अभिमानाने उभे. "एवढासा दिवा, रोज जळस. म्हनीसन खिळा बसाडी दिना. आते नही जळाव."

दगडूअण्णांनी खिळा काढून आप्पांच्या हातावर ठेवला. "आप्पा, मरनं हाईच त्यानं काम शे. तो नही मरना ते घर मरस."

आप्पा खिळ्याकडे पाहत बसले. खिडकीजवळून गुरुजींनी विचारलं, "म्हणजे एक गप्प झाला की बाकीचं वाचतं. असंच ना?"

"अगदी असंच, गुरुजी," मी म्हणालो. इतक्या लवकर कोणाला समजलं म्हणून मला आनंद झाला होता.

*

गुरुजींच्या हाती खटका गेल्यापासून सेट सुरक्षित होता. फारच सुरक्षित. मालगाडी गेली, खटका खाली. रिकामी बैलगाडी दगडावरून गेली, खटका खाली. एकदा तर दिल्लीहून अशी बातमी सांगत होते की सगळे श्वास रोखून बसलेले. वाक्याचा कर्ता ऐकू आला, कर्म ऐकू आलं, आणि क्रियापद यायच्या आत खटका खाली.

"गुरुजी, मालगाडी होती ती!"

"आधी पाडायचा," गुरुजी शांतपणे म्हणाले, "मग विचार करायचा. तुम्ही मैल मोजत बसला होतात, विसरलात का?"

 पण हळूहळू दगडूअण्णांच्या एक गोष्ट लक्षात आली. इंजिनाच्या आवाजात राहून अण्णांचे कान तयार झाले होते. त्यांनी मला बाजूला नेलं.

"भाऊ, देखा बरं. पुरुष गाई ऱ्हायना ते गुरुजीले गडगडाट आयकू येत नही. बाई गावाले लागनी का येस."

मी पंधरा दिवस लक्ष ठेवलं. खरं होतं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, आत एखादी बाई सूर लावते आहे आणि खिडकीत गुरुजी खटका पाडून बसलेले, नजर कडुनिंबाकडे.

*

गुरुजींना एकच मुलगी, वत्सला. आई लहानपणीच गेली. गुरुजींनी तिला पेटीसमोर बसवून सहाव्या वर्षापासून शिकवलं. आमच्या गल्लीतली सगळी पोरं तिच्या सरगमीवर सकाळी जागी व्हायची. मीही त्याच गल्लीतला. पुण्याला वसतिगृहात कितीतरी दिवस मी पहाटे उगाचच जागा व्हायचो आणि कानोसा घ्यायचो.

मुंबईच्या मामाने तिला रेडिओवर गायला बोलावलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्यासमोर गायचं नाही." ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही तरी समोर बसा. चला माझ्याबरोबर." ते गेले नाहीत. ती गेली. त्याला दोन वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. पेटीवर घातलेली चादर गुरुजींनी काढली नव्हती.

आणि आश्विनात वाचनालयाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं.

"येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मुंबई केंद्रावर मला दहा मिनिटं मिळाली आहेत. पुन्हा मिळतील की नाही सांगता येत नाही. बाबांना कळवू नये. पण ते तिथे असतील तेव्हाच रेडिओ लावावा. वत्सला."

पोस्टकार्डावर लिहिलेलं गुपित म्हणजे दवंडीच. माझ्या हाती यायच्या आधी ते पोस्टमनने वाचलं होतं, समोरच्या न्हाव्याने वाचलं होतं, आणि न्हाव्याकडे दाढी करायला बसलेल्या अर्ध्या गावाने ऐकलं होतं. तरी गुरुजींना कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं.

भिलाआप्पा त्याच संध्याकाळी गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, गुरुवारना या बरं. म्हंजे तुम्ही रोजच येतस. पन गुरुवारना या."

गुरुजी म्हणाले, "गुरुवारी मला काम आहे."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, जणू गुरुजींचं काम मीच काढलं होतं.

बुधवारी गुरुजी नेहमीप्रमाणे आले, खड्ड्यात पाणी घातलं, खिडकीजवळ बसले. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "ती तार वाऱ्याने हलते. त्याने आतला आवाज फाटतो का हो?"

इतक्या दिवसांत आतल्या आवाजाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. मी लगेच छपरावर चढलो आणि तार ताणून घट्ट बांधली. दगडूअण्णांनी बॅटरी भरून आणली, आणि स्वतःच्या हाताने आणली, एरवी हातगाडीवर पाठवायचे. कौतिकबाईने आठवड्यात दुसऱ्यांदा वाचनालय सारवलं.

*

गुरुवार उजाडला तो निरभ्र. मिरच्या पथाऱ्यांवर पसरलेल्या, सगळं गाव शिंकतंय. दुपारी चारच्या सुमारास मी खिडकीबाहेर डोकावलो आणि खड्ड्यात दूध दिसलं. थोडंथोडकं नाही, शेरभर तरी. कोळसा पांढरा झालेला, मुंग्यांची रांग लागलेली.

मग मी जे बोललो ते बोललो. दुधाने माती आंबते, मीठ बिघडतं, पुन्हा खड्डा खणायला लागेल, आणि आजच्याच दिवशी हा मूर्खपणा कोणाला सुचला.  गुरुजी खिडकीजवळ होते. परीटघडीचा कोट घातलेला, टोपी नवी. त्यांचा तांब्या कट्ट्यावर पालथा घातलेला होता, आणि त्याच्या काठाला आतून पांढरी रेघ होती. कौतिकबाईने तो उचलला, मुकाट्याने विसळला आणि जागच्या जागी ठेवला. मी बोलायचा थांबलो.

सहाला तापीच्या बाजूने ढग वर आले. बाहेर मिरच्या झाकायची पळापळ सुरू झाली. आमच्यापैकी कोणी उठलं नाही. भिलाआप्पांची मिरची उघड्यावर होती, तेही बसून राहिले.

सातला सेट लावला. बाजारभाव झाले. कोणीतरी शेतीवर बोललं. सव्वासातला लांब गडगडलं.

सगळ्यांनी खटक्याकडे पाहिलं. गुरुजींचा हात मांडीवर होता. तो मांडीवरच राहिला.

"मालगाडी असेल," गुरुजी म्हणाले.

दगडूअण्णा हळूच म्हणाले, "गुरुजी, या टाईमले मालगाडी नही शे."

"असेल. आजकाल वेळा बदलतात."

पुन्हा गडगडलं.  भिंतीवर माझी पाटी होती, ठळक अक्षरांत. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. मनात मैल मोजत होतो, सवयीने. दोन मैल. तारेवर ओझं वाढलं की सेटमध्ये करकर वाढते, तशी ती वाढत होती.

साडेसात झाले. निवेदकाने नाव सांगितलं. वत्सला एवढंच नाही, वडिलांच्या नावासकट. मग राग सांगितला. मग तंबोरा सुरू झाला.

गुरुजी उभे राहिले. दोन वर्षांत मी त्यांचा चेहरा तसा पाहिला नव्हता. ओठ किंचित उघडले होते, जसे शिष्याने सूर लावायच्या आधी शिकवणाऱ्याचे उघडतात.

तेवढ्यात खिडकी पांढरी झाली. मी एकसुद्धा आकडा मोजू शकलो नाही, आवाज उजेडाबरोबरच आला. भिंत हादरली. मीच ओरडलो, पाटी लिहिणारा मीच:

"राहू द्या, गुरुजी! दोन मिनिटं राहू द्या!"

गुरुजींनी खटका पाडला.

तंबोरा तुटला. करकरसुद्धा गेली. कौलांवर पाऊस सुरू झाला. पुन्हा दोनदा कडाडलं, अगदी डोक्यावर, आणि दोन्ही वेळा खटक्याच्या पितळेवर निळी ठिणगी उडून खाली जमिनीकडे गेली. सेट मेजावर मुका आणि धडधाकट बसला होता. भिलाआप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दगडूअण्णा स्वतःच्या पायांकडे पाहत होते.

गुरुजींचा हात खटक्याच्या मुठीवरच होता. दुसऱ्या हाताची बोटं खिडकीच्या चौकटीवर हलत होती. आधी मला वाटलं, थरथरतायत. मग पाहिलं तर विलंबित ताल धरला होता. सम आली की अंगठा टेकत होता. नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

साडेसात वाजून चार मिनिटं. पाच. सहा.

कौतिकबाई दारात पाय दुमडून बसली होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग गुरुजींच्या बोटांकडे, आणि कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली,

"आते गाई ऱ्हायनी व्हई ती."